देवकाचा कप्पा

देवका,

तुझ्या तेरवीला आलेल्या बायांनी पंगत उठायच्या आत तुझ्या मरणाचं कारण ठरवून टाकलं. खाण्यावर ताबा नव्हता बिचारीचा. भावाच्या घरी सगळं मोजूनमापून, आणि हिचं मात्र पापड, लोणचं, तळण. वहिनी इतकी शिकलेली, पण हिनं ऐकलं नाही. मी तिथेच होते, हातात पाण्याचा जग होता. मी एका पानावरून दुसऱ्या पानावर पाणी वाढत गेले आणि काही बोलले नाही. त्याच संध्याकाळी आयर्लंडहून ऋचाचा फोन आला. रडत होती पोर. तिनं विचारलं, देवकाआजी खूप तळलेलं खायची का गं? मी हो म्हटलं.

ते हो खोटं नव्हतं. तू खात होतीसच. म्हणून तर चार दिवस झाले, ते घशाखाली उतरत नाही.

हे मी तुला लिहिते आहे, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, ऋचा आणि अथर्व. तेव्हा तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही मधूनमधून सांगाव्या लागतील. तू कंटाळू नकोस. तसंही माझं ऐकून घेण्याची सवय तुला पंचेचाळीस वर्षांची आहे.

मुलांना तू फक्त सुट्टीत दिसलीस. पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा सोलून दाणे त्यांच्या तळहातावर ठेवणारी, चुलीवर पानगे भाजणारी आजी. आजोबांची धाकटी बहीण, कोंढ्याला दिलेली, चौथ्या वर्षी नवरा गेला म्हणून परत आलेली. तू आलीस तेव्हा माझा मुलगा अविनाश सात महिन्यांचा होता आणि मला शाळेत रुजू व्हायचं होतं. मी साडेनऊला घराबाहेर पडायचे आणि माझ्या मागे घर चालायचं. निवृत्त झाले तेव्हा शाळेनं शाल दिली, भाषणं झाली. भाषणात मी ह्यांचे आभार मानले, मुख्याध्यापकांचे मानले, शिपायाचेसुद्धा मानले. तू त्या दिवशी घरी होतीस, पाहुण्यांसाठी वडे तळत होतीस.

पण मला सांगायचं आहे ते दोन वर्षांपूर्वीचं.

ह्यांना अड्याळच्या बाजारातच छातीत कळ आली. भंडाऱ्याहून नागपूरला नेलं, एक स्टेंट बसवला, आणि आठव्या दिवशी आम्ही घरी आलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता खाणं बदला. ऋचानं इंग्रजीतली बरीच माहिती पाठवली. भूमध्य समुद्राच्या काठची माणसं कशी जेवतात, त्यांचं हृदय का चांगलं राहतं. भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, अक्रोड-बदाम, ऑलिव्हचं तेल. मीठ कमी, तळण नाही, तूप-साय नाही. मी सगळं दोनदा वाचलं, मराठीत उतरवलं, पट्टीनं रेघा मारून तक्ता केला आणि फ्रीजशेजारच्या भिंतीवर लावला. देवका, मला खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला बरं वाटत होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला एक वर्ग मिळाला होता.

तू विचारलंस, हा समुद्र कोठं हाये वयनी? मी अविनाशचा जुना नकाशा काढून दाखवला. तू बोट फिरवत फिरवत भंडाऱ्यापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "इतल्या दूरून तेल आणाचं? मंग तिथच्या लोकाइले आपलं जवस कोण नेऊन देऊन राहिलं?" हे पलंगावर पडल्यापडल्या इतके हसले की टाके दुखले म्हणाले. टाके नव्हतेच, पण हसले ते खरं.

जवसावरून आपलं भांडण तेव्हा सुरू झालं आणि ते मिटलं नाही. तुझं म्हणणं, घाण्यावरचं जवसाचं तेल आणि जवसाची चटणी हृदयाला चांगली, तुझ्या आजोबांनी तेच खाल्लं. माझं म्हणणं, यादीत नाही. सहा महिन्यांनी मी कुठेतरी वाचलं की जवस फार गुणाचं आहे. दुसऱ्या दिवसापासून तक्त्यात जवसाची चटणी आली. तुला मी सांगितलं, 'आता नवीन माहिती आली आहे.' तू नुसती 'हो का' म्हणालीस आणि जवस भाजायला घेतलंस. तू एकदा तरी म्हणायला हवं होतंस की मी सांगतच होते.

माशांचंही तसंच. तलावाचे मासे घेऊन येणारी बाई दाराशी आली की मी परत पाठवायची, कारण तुझा रस्सा म्हणजे तेलाचा तवंग. आणि ह्यांना नागपूरच्या दुकानातून माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या. ती बाटली तू उजेडाकडे धरून पाहिलीस. मासा दारातून हाकलाचा अन् त्याचं तेल गोळीत भरून गिळाचं, असं काहीतरी बोललीस आणि वर, शिकल्यावर माणूस असं होते का म्हणून ह्यांना विचारलंस. पुढे तूच तो मासा केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर करायला शिकलीस. लाखोरीच्या कडधान्याला मोड आणून त्याची उसळ केलीस, भेदरं म्हणजे आपले टोमॅटो भाजून त्यात लसूण आणि कोथिंबीर घालून असं काही केलंस की हे मिठाची आठवण काढेनासे झाले. ऋचा, अथर्व, तुम्हाला मी फोटो पाठवायची ना, आजोबांच्या ताटाचे? ती ताटं देवकाआजीच्या हातची होती. मी फक्त फोटो काढले.

आता तो कप्पा.

नागपूरहून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघर आवरायला काढलं. सगळे डबे ओट्यावर मांडले आणि दोन भाग केले, चालणारं आणि न चालणारं. न चालणाऱ्यात डालड्याचा मोठा डबा होता, अर्ध्याहून जास्त भरलेला. उडदाचे पापड, कुरड्या, दोन बरण्या लोणचं, खारवलेली सुकट, शेव, मैदा, कोणीकोणी आणलेले मिठाईचे डबे. हे सगळं फेकायचं कसं? अन्न टाकणं माझ्या हातून होत नाही. शेजारच्या पार्वताबाईंना द्यावं असं मनात आलं. मग आठवलं, त्यांच्या घरी सासरे आहेत, ऐंशीच्या पुढचे, त्यांना हे बाधेल. जे आपण अपायकारक म्हणून बाहेर काढलं ते दुसऱ्याच्या घरी द्यायचं, हे मला पटलं नाही. मी फार विचारपूर्वक ते टाळलं.

आणि मग तुला म्हटलं, "देवका, हे तू संपव. तुला काही होत नाही."

तू हसलीस. दादाले बिमारी झाली अन् दिवाळी माही झाली, म्हणालीस. मीही हसले. खालचा कप्पा रिकामा करून सगळं त्यात लावलं आणि गोंधळ नको म्हणून कागदाची पट्टी चिकटवली. त्यावर तुझं नाव लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

तेवढंच असतं तर महिन्याभरात संपलं असतं. पण कप्पा रिकामा होऊ दिला नाही मी. दुधावरची साय काढायची, ती तुझ्या वाटीत. ह्यांना अंड्यातलं पांढरं, बलक तुला. रोज सकाळी दोन. दिवाळीला आलेले मिठाईचे डबे, भेटीला आलेल्यांनी आणलेलं फरसाण, सगळं खाली. आपल्या घरात तेव्हापासून दोन गंज, म्हणजे दोन पातेली, चढायची. एक आमच्या दोघांचं, बिनमिठाचं, मोजलेल्या तेलाचं. दुसरं तुझ्या एकटीचं, जे संपवायचं होतं त्याचं. दोन्ही तूच शिजवायचीस.

एकदा मी अक्रोड फोडत बसले होते. ह्यांचे चार, माझे दोन. तू समोर बसून शेंगा निवडत होतीस. तू हात पुढे करून एक अक्रोड उचललास, उलटून पाहिलास, माणसाच्या डोक्यासारखा दिसते म्हणालीस आणि तोंडाकडे नेलास. मी म्हटलं, 'अगं, ते औषध आहे.' तू तो वाटीत परत ठेवलास. रागानं नाही. एखाद्यानं दुसऱ्याची चप्पल चुकून पायात घातली की काढून ठेवावी, तसा.

आणि मागच्या पावसाळ्यात तू मला विचारलंस. एकदाच. मी तक्त्यावर पुढच्या आठवड्याचं लिहीत होते. तू मागे उभी राहून म्हणालीस, "वयनी, मी बी तुमच्याच गंजातलं खाऊ का? मले आजकाल जड जड वाटते."

मी मागे वळलेसुद्धा नाही. मी म्हटलं, "मग ते सगळं कोण संपवणार?"

तू 'हव, ते बी खरं हाये' म्हणालीस आणि आत गेलीस. मी तक्ता पूर्ण केला.

ऋचा, तू मला फोनवर विचारलंस त्याचं पूर्ण उत्तर हे आहे. ती खात होती कारण मी वाढत होते. ती मागत नव्हती. तिनं मागितलं ते दुसरंच होतं, आणि मी नाही म्हटलं.

आणखी एक गोष्ट सांगते, लाज वाटते तरी. ह्यांचा आजार घराण्यातला आहे. ह्यांचे वडील असेच गेले. देवका त्याच वडिलांची मुलगी. मी बाहेरून आलेली, माझं रक्त वेगळं. तरी त्या दोन वर्षांत नागपूरला मी माझं कोलेस्टेरॉल दोनदा तपासून घेतलं, ह्यांच्याबरोबर, आलोच आहोत तर म्हणून. डॉक्टरांनी ह्यांचे रिपोर्ट पाहून माझं कौतुक केलं. अशी घरं असतील तर आम्हाला काम उरणार नाही, म्हणाले. मी ते कौतुक घेऊन घरी आले आणि तुला सांगितलं. तू खूश झालीस. तुला कधी नेलं नाही. घरी कोणीतरी असायला हवं होतं ना.

जड वाटणं पुढे वाढलं. गच्चीवर वाळवण घालून आलीस की पायरीवर बसायचीस. जबडा दुखते म्हणायचीस, आपण दात म्हणालो. पाठ दुखते, आपण गादी बदलली. मी ओवा दिला, सोडा दिला, आणि एकदा तर सरळ म्हटलं की देवका, तू आता थोडं आवरतं घे. जणू तो कप्पा तू भरत होतीस. दवाखान्यातून मिळालेल्या पत्रकात बायकांबद्दल वेगळा भाग होता. बायकांना छातीत कळ येईलच असं नाही, जबडा, पाठ, थकवा, मळमळ, असं सगळं त्यात होतं. ते पत्रक मी तक्त्याशेजारीच चिकटवलं आहे. पुरुषांचा भाग दर्शनी ठेवला, दुसरी बाजू भिंतीकडे गेली. पण चिकटवण्याआधी मी दोन्ही बाजू वाचल्या होत्या. मी न वाचता काही चिकटवत नाही.

त्या सकाळी तू अंगणातून आत आलीस आणि ओट्याला टेकलीस. घाम आला होता. वयनी, पाठ लय दुखून राहिली, म्हणालीस. ह्यांच्या न्याहरीची वेळ झाली होती. मी म्हटलं, जरा आडवी हो, ह्यांचं होऊ दे, मग बघते. मोड आलेली लाखोरी वाटीत काढली, वर लिंबू पिळलं, अक्रोड मोजले. वीस मिनिटं लागली असतील. मी तुझ्या खोलीत आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस आणि हाक मारली तर नुसता हात हलवलास.

पार्वताबाईंच्या पुतण्यानं गाडी काढली. रस्त्यात कापणीला निघालेल्या ट्रॅक्टरांमागे अडकलो. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू एकच विचारलंस, दादानं खाल्लं का? मी हो म्हटलं. पुढे तू बोलली नाहीस.

भंडाऱ्याच्या डॉक्टर तरुण होत्या, अविनाशपेक्षाही लहान. तुला तपासून बाहेर आल्या, जे सांगायचं ते सांगितलं. मग कागद भरताना त्यांनी विचारलं, यांना आधी काही त्रास होता का. मी म्हटलं, नाही, हिला कधीच काही नव्हतं. घरात कोणाला हृदयाचा? सख्ख्या भावाला, मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी. त्यांनी पेन थांबवला.

"मग यांची तपासणी केव्हा केली होती?"

मी पस्तीस वर्षं वर्गात प्रश्न विचारले आहेत. उत्तर येत नसलं की पोरं जमिनीकडे पाहतात. मी जमिनीकडे पाहिलं. त्यांनी ती जागा कोरी सोडली. मी विचारलं, खाण्यामुळे झालं का? त्या म्हणाल्या, एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, घराण्यात होतंच, झालंही असतं. सगळे मला तेच सांगतात. झालंही असतं. असेल. पण हृदयाला काय वाईट त्याची यादी मी माझ्या हातानं लिहिली, आणि त्या यादीतलं एकेक तुझ्या पानात वाढलं, हे तर नक्की झालं.

तुझ्या दादाबद्दल सांगते. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी ते भिंतीसमोर उभे राहून तक्ता वाचत होते. दोन वर्षांत त्यांनी तो कधी वाचला नव्हता, पुढे येईल ते खायचे. मला म्हणाले, "मास्तरीणबाई, याच्यात देवकाचं नाव काहून नाई?" मला इतका राग आला. मी म्हटलं, तुम्ही शेजारी बसून जेवत होता, तिच्या पानात काय आहे ते तुम्हाला दिसत नव्हतं? ते म्हणाले, दिसत होतं. आम्ही दोघं एकमेकांना काय बोलणार होतो? स्वयंपाकघरात मी एकटीच होते. मोड आलेली लाखोरी मला तुझ्यासारखी जमत नाही, कच्ची लागते. ह्यांनी वाटी संपवली.

हे लिहायला घेतलं ते कालच्या गोष्टीमुळे. काल दुपारी पार्वताबाई आल्या. चहा झाला. मग पुन्हा तेच, खाणं नडलं बिचारीले, जिभेनं घात केला. ह्या वेळी मी गप्प राहिले नाही. मी सगळं सांगितलं. डालड्याचा डबा, बलक, साय, गंजातलं खाऊ का म्हणून तू विचारलंस ते, मी काय उत्तर दिलं ते. तुम्हाला द्यायचा विचार केला होता आणि तुमच्या सासऱ्यांना बाधेल म्हणून दिलं नाही, हेही सांगितलं. मला वाटलं, आता ह्या उठून जातील.

पार्वताबाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "असं मनाले लावून नका घेऊ बाई. नवऱ्याले पथ्याचं अन् नणदेले दुधाची साय, अंड्याचा बलक. इतलं कोण करते आजकाल?" आणि डोळे पुसत घरी गेल्या. आज सकाळपर्यंत गल्लीत तीच गोष्ट झाली. दूधवाला मला म्हणाला, तुमच्यासारखी भावजय मिळायले नशीब लागते.

खरं बोलूनही मला चांगुलपणाच मिळाला, देवका. म्हणून कागदावर लिहिलं. ऋचा आणि अथर्व शिकलेली पोरं आहेत, सरळ वाचतील. बाळांनो, लगेच फोन करून माझी समजूत काढू नका. काही दिवस आजीवर रागावून राहा, मला चालेल. आणि कोणी विचारलं की देवकाआजी कशानं गेली, तर जीभ तिची नव्हती, हात माझा होता, असं सांगा. ऋचा, तू त्यांच्याच रक्ताची आहेस. मुलगी आहेस म्हणून तुला काही होत नाही असं कोणी म्हटलं, आणि ती मी असले तरी, ऐकू नकोस. ह्याच आठवड्यात तपासणी करून घे.

देवका, तुझी माफी मी मागत नाही. मागितली असती तर तू वाक्य पुरं होऊ दिलं नसतंस. जाऊ द्या न वयनी, म्हणाली असतीस, आणि पाठ दुखत असताना माझ्यासाठी चहा ठेवायला उठली असतीस.